पहाटे म्हणजे किती?

“पहाटे म्हणजे किती वाजता?” रेणुकाने विचारलं.

“पहाटे म्हणजे पहाटे,” मी म्हणालो.

“साडेतीनही पहाट आणि साडेपाचही पहाट. मी कुठली धरू?”

माझ्यासमोर तिसऱ्या पानाचं प्रूफ होतं. ते पाच वाजता छपाईला सोडायचं होतं आणि घड्याळात चार पन्नास झाले होते. “वाचकांना कळतं,” मी म्हणालो. “अकरा वर्षं कळतंय.”

“वाचकांना कळत असेल, सर. मशीनला नाही कळत.”

“मग मशीनला शिकव. त्यासाठीच आणलंय ना तुला?”

वहीत तिने ‘पहाटे’ लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या पानावर अशी प्रश्नचिन्हं आधीच बरीच होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शहरात तेव्हा नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. एक पाळी हुकली की पुढचे पाच दिवस टँकरमागे धावायचं. त्यामुळे आमचं दैनिक हातात घेतलं की लोक आधी तिसरं पान उघडायचे. तिथे ‘उद्याचं पाणी’ ही चौकट असायची आणि ती मी करायचो. रोज साडेचारला व्हॉल्व्हमनांचा मुकादम इरण्णा याचा फोन यायचा, तो सांगायचा आणि मी लिहायचो. विणकर वसाहत पूर्व, पहाटे. जुना जकात नाका परिसर, दुपारनंतर, कमी दाबाने. टेकडी भाग, उशिरा. एकूण शेहेचाळीस भाग. अकरा वर्षांत या चौकटीसाठी एकदाही खुलासा छापावा लागला नव्हता. मुख्य उपसंपादकाला मिरवण्यासारखं फारसं काही नसतं. माझ्याकडे एवढं एक होतं.

चौदा मार्चला पेपरचा वर्धापनदिन होता. त्या दिवशी वेबसाइट सुरू करायची आणि पहिल्या पानावर ‘उद्याचं पाणी’ ठेवायचं, असं आमचे संपादक मोहोळकर साहेबांनी ठरवलं होतं. रेणुका बिराजदार तीन महिन्यांच्या करारावर आली होती. वय सव्वीस, आवाज हळू आणि हट्ट दगडासारखा. फेब्रुवारी संपत आला तरी तिने वेबसाइटचं एक पानही दाखवलं नव्हतं. मी रोज संध्याकाळी बारा पानं सोडणारा माणूस. मला हे सहन होत नव्हतं.

“तू करतेस तरी काय दिवसभर?” मी एकदा विचारलंच.

“खिडकी करते.”

“कसली खिडकी?”

“त्याला एपीआय म्हणतात. समजा, ऑफिसला रस्त्याच्या बाजूला एक खिडकी आहे. कुणीही यायचं, भागाचं नाव सांगायचं, उद्या पाणी किती वाजता ते विचारायचं आणि उत्तर घेऊन जायचं. कुणाला त्यावर मोबाइलचं काही करायचं असेल तर करू दे. सोसायटीच्या फळ्यावर लावायचं असेल तर लावू दे.”

“आणि आपली वेबसाइट?”

“ती पण त्याच खिडकीत उभी राहून विचारणार. रांगेत.”

“आपल्याच घरात शिरायला आपण रांग लावायची?”

“हो.”

“का?”

“म्हणजे खिडकी बिघडली तर पहिली बोंब आपलीच होईल.”

मला हे वाक्य बुद्धिमान वाटलं आणि म्हणूनच आणखी चीड आली. पान काढायच्या वेळी बुद्धिमान वाक्यं कामाची नसतात.

तिने माझ्यासाठी माहिती भरायचा एक तक्ता केला होता. भाग, तारीख, कधीपासून, कधीपर्यंत. वेळेच्या रकान्यात ‘पहाटे’ लिहिलं की तो लाल व्हायचा आणि पुढे जाऊच द्यायचा नाही. एका संध्याकाळी तो सतरा वेळा लाल झाला. शेवटी मी कंटाळून सगळीकडे ‘५ ते ७’ भरलं.

“सर, शेहेचाळीस भागांना एकाच वेळी पाणी?” ती म्हणाली.

“तुझ्या मशीनला आकडा हवा होता ना? दिला.”

तिने सगळे आकडे खोडले आणि महापालिकेच्या पाणी विभागात स्वतः जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तीच इरण्णाशी बोलून तक्ता भरू लागली. मी चौकटीपुरता इरण्णाशी बोलायचो, नेहमीसारखा. एकाच मुकादमाला दोनदा फोन जातोय, हे मला तेव्हा चमत्कारिक वाटलं नाही.

मार्च लागला. ती खिडकी उघडी असल्याचं तिने माझ्या मागे लागून पेपरात चार ओळींत छापून घेतलं. आठवड्याने म्हणाली, “बाहेरून लोक विचारायला लागलेत, सर. रोज नऊ-दहा विचारणा. एक तर अगदी वेळेवर येते. संध्याकाळी सहा दहाला, विणकर वसाहत पूर्व. एक दिवस चुकत नाही.”

“असेल कुणी रिकामटेकडा.”

“रिकामटेकडा माणूस इतका वेळेवर नसतो.”

वर्धापनदिनाला पाच दिवस उरले तेव्हा मोहोळकर साहेब तिच्या टेबलाशी आले. “दाखव काय झालंय ते.”

तिने दाखवलं. काळा पडदा, त्यावर महिरपी कंस, अवतरणचिन्हं, आकडे.

“हे काय आहे?”

“खिडकीतून येणारं उत्तर, सर.”

“हे वाचक वाचणार?”

“नाही. हे वेबसाइट वाचणार.”

“कुठाय वेबसाइट?”

“हे नीट झालं की पान दोन दिवसांचं काम आहे. अजून अकरा भागांच्या वेळा पक्क्या नाहीत. परवा इरण्णांबरोबर टेकडीच्या टाकीवर जाऊन—”

“नाईकवडे!” साहेब तिच्याकडे पाहतच माझ्यावर ओरडले. “चौदा तारखेला पालकमंत्री बटण दाबणार आहेत. त्यांना मी कंस दाखवू?”

त्या दुपारी मी संगणक विभागातल्या प्रफुल्लला बोलावलं. प्रफुल्ल जाहिरातींची पानं लावायचा. हात जलद, प्रश्न शून्य. मी त्याला म्हटलं, मी माझी चौकट एका शीटमध्ये टाइप करत जातो, ती जशीच्या तशी पडद्यावर दिसली पाहिजे. त्याने तीन दिवसांत पान उभं केलं. वर निळा नळ, नळातून टपकणारा थेंब, खाली माझे शब्द. पहाटे. दुपारनंतर. उशिरा. लाल काही होत नव्हतं. मला फार दिवसांनी मोकळं वाटलं.

रेणुकाने ते पान उभ्यानेच पाहिलं.

“हे खिडकीतून घेत नाही,” ती म्हणाली.

“नाही. थेट शीटमधून. प्रफुल्लने तुझा तक्ता पण त्याच शीटला जोडलाय, म्हणजे दोनदा भरायला नको.”

“पण तुम्ही शीटमध्ये ‘पहाटे’ लिहिणार. खिडकीला ते कळणार नाही.”

“नाही कळलं तर बघू.”

“कोण बघणार? आपण आता त्या बाजूला जाणारच नाही. आपलं पान छान दिसत राहील.”

“रेणुका, तुला एवढं वाईट वाटायचं कारण नाही. काम झाल्याशी मतलब.”

तिने चार्जर गुंडाळला, बाटली पिशवीत टाकली. कराराचे तीन आठवडे शिल्लक होते, तरी ती निघाली. दारात थांबून म्हणाली, “खिडकी बंद करून जाऊ का? चुकीचं बोलण्यापेक्षा बंद बरी.”

साहेबांच्या भाषणात ‘आमची माहिती सर्वांना खुली’ हे वाक्य मीच घातलं होतं.

“राहू दे,” मी म्हणालो. “कुणाला त्रास आहे तिचा?”

चौदा तारखेला मंत्र्यांनी बटण दाबलं. थेंब टपकला. टाळ्या झाल्या. पुढचा आठवडा मी चौकट शीटमध्ये लिहिली, ती पेपरात छापली गेली, पडद्यावर दिसली. एकही तक्रार नाही.

बावीस तारखेला, शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास एक बाई जिन्याने वर आल्या. पन्नाशीच्या, पांढरी काठी, इस्त्रीची साडी. रिसेप्शनवरच्या मुलीने हात धरायला पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला आणि मोठ्याने विचारलं, “पाण्याचं कोण लिहितं इथे?”

“मी. नाईकवडे.” मी उठून खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. “बसा, ताई.”

त्यांनी काठीने खुर्चीचा पाय चाचपला आणि बसल्या. “मी मालन दुधाळ. विणकर वसाहतीच्या टोकाला अंध मुलींचं वसतिगृह आहे, तिथली अधीक्षक. अठ्ठावन्न मुली. म्हणजे होत्या. बावन्न गुरुवारी घरी पाठवल्या. सहा दहावीच्या आहेत, त्यांचे पेपर चालू आहेत म्हणून ठेवल्यात. बारा दिवस नळाचं पाणी नाही आमच्याकडे.”

“पण वसाहत पूर्वला पंधराला आलं, वीसला आलं,” मी म्हणालो. “मी स्वतः छापलंय.”

“आलंच. पण आमच्याकडे दाब नसतो. कॉक उघडून मोटर लावली तरच टाकीत चढतं. वेळ माहीत नसेल तर आलेलं पाणी पुढे निघून जातं.”

“पेपरात होतं, ताई. पहाटे.”

“पेपर मला वाचता येत नाही, साहेब.” हे त्यांनी वेळ सांगावी तसं सांगितलं. “वॉचमन वाचून दाखवायचा. त्याची सुटी असली की शेजारच्यांना विचारायचं. ह्या महिन्यात तुमची खिडकी उघडली ना, माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याने माझ्यासाठी एक नंबर करून दिला. मी मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो आणि मशीन सांगतं. चार चाळीस ते सहा पाच. चार मिनिटं इकडेतिकडे नाही. दहा तारखेला मी स्वतः उठले, स्वतः मोटर लावली. वॉचमनला म्हटलं, आता तुझ्या वाचनाची गरज नाही.”

“तुम्ही फोन कधी करता?” मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

“सहा दहाला. मुलींची प्रार्थना संपली की.”

रेणुका सांगायची ती रोजची विचारणा या बाईंची होती.

“चौदाला फोन केला. मशीन म्हणालं, उद्या पाणी नाही. वॉचमन म्हणाला, बाई, पेपरात पहाटे लिहिलंय. मी म्हटलं, पेपर कालचा असतो, फोन आत्ताचा. आणि दोन्ही त्यांचंच आहे, ते कशाला खोटं सांगतील? एकोणीसला पुन्हा तेच.” त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “हे वाचा. मला वाचून दाखवलंय, पण तुम्ही वाचा.”

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचं पत्र होतं. सोमवारी चार वाजता विश्वस्तांची बैठक. विषय, डोळस अधीक्षकाची नेमणूक.

“एकोणीस वर्षं झाली मला तिथे,” मालनताई म्हणाल्या. “त्यांचं म्हणणं, आंधळ्या बाईच्या हाती कारभार दिला की असंच होणार. मी म्हटलं, चूक पेपरवाल्यांची आहे. ते हसले. म्हणाले, पेपरात तर बरोबर छापलंय. आता तुम्ही सांगा, चूक कुणाची?”

“बघतो मी.”

“बघू नका. छापा. सोमवारी चारच्या आत.”

मोहोळकर साहेबांनी पत्र वाचलं आणि परत दिलं. “वाईट झालं. पण आपण छापलं ते खरं होतं ना? पहाटे म्हटलं, पहाटे आलं. खुलासा कशाचा? आठ दिवसांपूर्वी मंत्र्यांनी उद्घाटन केलंय, नाईकवडे. बाईंना वेगळं पत्र पाठवू दिलगिरीचं.”

“विश्वस्त ते वाचणार नाहीत, साहेब.”

“तो त्यांचा प्रश्न.”

रविवारी सकाळी मी रेणुकाला फोन केला. झालेलं सांगितलं, मध्ये एकदाही न थांबता. माफी मागायचं मनात होतं, पण ती बोलू लागली.

“आधी प्रफुल्लने जोडलेलं सगळं काढा. पान बंद पडेल.”

“किती दिवस?”

“खिडकी खरं बोलेपर्यंत.”

ती अकराला आली. प्रफुल्लने मान खाली घालून जोडणी सोडवली. निळा नळ गेला. पांढऱ्या पडद्यावर ‘दुरुस्ती सुरू आहे’ एवढं राहिलं. रेणुकाने तिच्या बाजूचं काही वाचलं आणि कपाळावर हात मारला. “अर्धी चूक माझी आहे, सर. वेळ वाचता आली नाही तर खिडकी ती ओळ सोडून देते आणि म्हणते, पाणी नाही. तिने म्हणायला हवं होतं, मला माहीत नाही. हे मी लिहायचं ठेवून गेले.”

“ठेवून गेलीस कारण मी जाऊ दिलं.”

“ते आहेच,” ती म्हणाली आणि वही उघडली. प्रश्नचिन्हांचं पान. “तक्त्यातले माझे आकडे शीटने पुसलेत. आता तुम्ही सांगा. विणकर वसाहत पूर्व. पहाटे म्हणजे किती?”

मी इरण्णाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“इरण्णा, पंधराला आणि वीसला वसाहत पूर्वचं पाणी किती वाजता सोडलंस?”

“थांबा ओ सर, डायरी बघतो.” पानं उलटल्याचा आवाज आला. “पंधराला चार चाळीस. वीसला चार बेचाळीस. बंद सहा पाच, दोन्ही वेळेला.”

“तू हे लिहून ठेवतोस?”

“रोज की! चावी फिरवली की वेळ लिहायची, नाहीतर मोठे साहेब सोडतील का मला?”

“मग मला अकरा वर्षं ‘पहाटे’ का सांगत होतास?”

“सर, मी वेळच सांगायचो की. पहिल्या वर्षी. एकदा चार चाळीस सांगितलं आणि पाइप फुटला, पाणी साडेपाचला आलं. तुमच्या हापिसात शंभर फोन. तुम्हीच मला म्हणालात, इरण्णा, आकडा सांगू नको, आकडा चुकला की लोक धरतात. पहाटे म्हण, कुणी धरत नाही. आठवत नाही काय ओ?”

रेणुका वहीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं असतं तरी तिने वर पाहिलं नसतं.

“आठवलं,” मी म्हणालो. “आता आकडे सांग. सगळे.”

शेहेचाळीस भागांना पावणेदोन तास लागले. टेकडीचं ‘उशिरा’ म्हणजे संध्याकाळी सहा पंचवीस निघालं. दर पाळीला, न चुकता.

सोमवारच्या अंकात तिसऱ्या पानावर चौकटीच्या वर मी हे लावलं:

‘खुलासा. या दैनिकाच्या ‘उद्याचं पाणी’ची माहिती फोनवरून घेणाऱ्यांना १४ व १९ मार्च रोजी, विणकर वसाहत पूर्व भागात उद्या पाणी नाही, असे उत्तर मिळाले. ते चुकीचे होते. पाणी १५ तारखेला ४.४० वाजता आणि २० तारखेला ४.४२ वाजता आले. चूक या दैनिकाची आहे. ऐकणाऱ्यांची नाही.’

साहेबांना विचारलं नव्हतं. सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला.

“अकरा वर्षांत एक खुलासा नाही, आणि आता हा? तो पण मला न विचारता? आणि वेबसाइट बंद का आहे?”

“साहेब, अकरा वर्षं मी वेळच छापली नव्हती. खुलासा कशाचा निघणार?”

“दुपारी केबिनमध्ये या,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. दुपारी त्यांनी मला बराच वेळ उभं ठेवलं. ‘उद्याचं पाणी’ काढून घ्यायची भाषा झाली. ते करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून ते माझ्याकडेच राहिलं.

अंकाची प्रत मी सकाळीच वसतिगृहाच्या वॉचमनकडे पोचवली होती. मालनताईंनी ती वाचून घेतली, घडी करून पिशवीत ठेवली आणि एवढंच विचारलं, “चार बेचाळीस कुठून आणलंत?” असं त्याने मला सांगितलं. बैठकीत काय झालं हे मला कुणी कळवणार नव्हतं, आणि फोन करून विचारायला मला तोंड नव्हतं.

पाच वाजता मी तिसरं पान सोडलं आणि सहाला रेणुकाच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी, पंचवीसला, वसाहत पूर्वची पाळी होती. तिच्या काळ्या पडद्यावर खिडकीत येणारी प्रत्येक विचारणा एका ओळीत उमटायची. कुठला भाग, किती वाजता, काय उत्तर. आमची स्वतःची वेबसाइट अजून बंद होती, त्यामुळे जे काही उमटेल ते बाहेरचंच असणार होतं.

सहा पाचला एक ओळ आली. जुना जकात नाका. मग एक टेकडीची.

सहा दहा झाले. काही नाही.

“नेटवर्क असेल,” रेणुका म्हणाली.

सहा अकरा. सहा बारा. प्रफुल्ल पिशवी खांद्याला लावून निघाला होता, तो आमच्या मागे येऊन थांबला. कुणी त्याला काय बघतोय ते विचारलं नाही. रेणुकाने एकदा कीबोर्डला हात लावला आणि मागे घेतला.

“बैठक लांबली असेल, सर.”

“किंवा संपली असेल,” मी म्हणालो.

सहा तेरा.

मग ओळ उमटली. विणकर वसाहत पूर्व. त्यापुढे खिडकीने दिलेलं उत्तर: उद्या, ४.४० ते ६.०५.

रेणुकाने खुर्ची मागे ढकलली. “आल्या!” ती म्हणाली. “पण आज उशिरा आल्या.”

मी तिची वही ओढून घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

“उशिरा नाही,” मी म्हणालो. “सहा चौदा.”